डोळ्यांचा वाटा

पोयराझ जाड झाला होता. मी त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला, तर बरगड्या लागेचनात, नुसती गादी लागली. पट्ट्याचं बक्कलही सैल करून पुढच्या भोकात घातलेलं.

"हे काय गं?" मी निगारला विचारलं.

"थंडी सुरू झालीय ना, पेरिहान हानम. केस वाढलेत त्याचे."

दृष्टी नसलेल्या माणसांसाठी कुत्री तयार करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. केस कुठले आणि चरबी कुठली हे मला कोणी शिकवू नये. पण निगार इतक्या गोड आवाजात 'हानम', म्हणजे बाईसाहेब, म्हणाली की मी गप्प बसले. माझ्याशी सहसा कोणी गोड बोलत नाही, त्यामुळे कोणी बोललं की मला लगेच संशय येतो.

निगारची दृष्टी कॉलेजात असतानाच गेली. इझमिर शहराच्या जुन्या बाजाराच्या वर, चढावरच्या घरात ती वडिलांबरोबर राहते आणि खाडीपलीकडे एका हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटरचं काम करते. रोज सकाळी बाजारातली गल्ली उतरायची, खाली ट्रामचा रस्ता ओलांडायचा आणि धक्क्यावर बोट पकडायची. इतकी वर्षं वडील तिचा दंड धरून तिला धक्क्यावर सोडत आणि संध्याकाळी आणायला जात. मग त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला, आणि बापलेक कुत्र्यांना शिकवण्याच्या आमच्या केंद्रात आले. मी तिला पोयराझ दिला. तपकिरी लॅब्राडॉर. नाव उत्तरेच्या वाऱ्याचं, पण वाऱ्याचा एकही गुण अंगात नाही. थांब म्हटलं की खांबासारखा उभा राहतो. पहिल्यांदा एकटी बोटीवर चढली त्या दिवशी निगारने मला डेकवरून फोन केला. बोलली काहीच नाही, नुसता वारा ऐकवला. मी केंद्राच्या स्वयंपाकघरात उभी राहून तो वारा ऐकला आणि रडले. हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढे मी फार कठोर वाटेन.

आमचा नियम सरळ आहे. अंगावर हार्नेस, म्हणजे दांडी लावलेला पट्टा, चढला की कुत्रा ड्युटीवर. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, खायला तर मुळीच घालायचं नाही. त्याला घास मिळेल तो एकाच हातातून, निगारच्या. एकदा का त्याला कळलं की रस्ताभर अन्नछत्र उघडलंय, की त्याचं नाक रस्ता सोडून ताटांकडे वळतं. आणि त्या नाकाच्या मागे, दांडी धरून, एक माणूस चालत असतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी गल्लीतल्या चहाच्या दुकानाच्या माडीवर जाऊन बसले. खाली बसून चाललं नसतं, पोयराझला माझा वास ठाऊक आहे. माडीवर म्हातारे सोंगट्या खेळत होते. ही बाई इथे कशी, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांनी निमूटपणे सोंगट्यांकडे पाहिलं.

निगार आली. पोयराझ तिच्या डाव्या हाताला, दांडी ताठ, चाल झकास. मला अभिमान वाटला. तो अभिमान चार दुकानं टिकला.

पहिला मुक्काम नेबाहत हानमचा. ती बोयोझ विकते, भट्टीतून काढलेले, पापुद्र्या-पापुद्र्याचे, उकडलेल्या अंड्याबरोबर खायचे. बाई नमाजाची पक्की. कुत्र्याचं तोंड कपड्याला लागलं तर पुन्हा सगळं बदलावं लागेल, म्हणून तिने बोयोझ कागदावर ठेवला आणि झाडूच्या दांड्याने अलगद पुढे सरकवला.

"या, पोयराझ बेय, या साहेब. झोप झाली का? माझी नाही झाली हो. रात्रभर नुसती कुशी बदलत होते."

पोयराझने बोयोझ एका घासात संपवला आणि तिच्या झोपेबद्दल पुढे ऐकायला उभा राहिला.

दुसरा मुक्काम कलेजीवाल्या जावित उस्ताचा. त्याने निखाऱ्यावरची सळई उतरवली, तुकडा काढला आणि फुंकर घालघालून गार केला. एवढं कौतुक त्याने स्वतःच्या नातवाचंही केलं नसेल. "आमचे साहेब आले. घ्या, तुमचा वाटा घ्या आधी." मग तो गुडघ्यावर बसला आणि मुलाचं लग्न ठरता ठरता कसं मोडायला आलं होतं, व्याह्यांनी पडद्यांच्या रंगावरून काय तमाशा केला, हे सगळं त्याने सांगितलं. कुत्र्याला सांगितलं. निगार दांडी धरून उभी होती. मान जरा खाली कललेली, आणि ओठांवर हसू. तिला सगळं ठाऊक होतं. म्हणे थंडीचे केस.

मी जिना उतरले तो पाय आपटतच, आणि त्यांच्या मागे निघाले. गल्ली संपते तिथे ट्रामचा रस्ता. पलीकडे एक माणूस सॉसेज भरलेला पाव खात उभा होता. चालणाऱ्यांचा सिग्नल हिरवा झालेला नव्हता. पोयराझ काठावर थांबला, अगदी शिकवल्यासारखा थांबला. मग वारा फिरला, त्या पावाचा वास आला आणि त्याने पाऊल खाली टाकलं. त्याच्यामागोमाग निगारने टाकलं. ट्रामची घंटा कर्कश वाजली. मी धावत जाऊन तिच्या कोटाची कॉलर धरली आणि तिला मागे ओढलं, दांडीबरोबर पोयराझही मागे ओढला गेला, तशा आम्ही दोघी फुटपाथवर धाडकन बसलो आणि आमच्या बुटांसमोरून ट्राम गेली. ट्रामवाला खिडकीतून जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं.

धक्क्यावरच्या बाकावर तिला बसवलं आणि चहा आणला.  पोयराझ बाकाखाली शिरून बसला होता. आपलं काय चुकलं हे त्याला कळलं होतं, की मी चिडलेय एवढंच कळलं होतं, कोण जाणे.

"मी त्याला घेऊन जाणार," मी म्हटलं.

"नका नेऊ."

"निगार, तू आत्ता मेली असतीस."

"कळतंय मला."

"आणि माझ्याशी खोटं बोललीस. थंडी काय, केस काय."

तिने चहाचा पेला तळव्यांत धरला. मग म्हणाली, "बाबांबरोबर मी इतकी वर्षं या गल्लीतून गेले. लोक बाजूला व्हायचे. खुर्च्या ओढून घ्यायचे, टोपल्या उचलायचे, एकमेकांना ओरडायचे, वाट द्या, वाट द्या. फार चांगली माणसं आहेत. मग बाबांना विचारायचे, लेक कशी आहे? मी तिथेच असायचे हो, बाबांच्या बाजूला. बाबा म्हणायचे, बरी आहे, देवाची कृपा. मला स्वतःला कोणी काही विचारलं नाही. काय विचारायचं ते त्यांना सुचत नसेल."

"मग?"

"मग पोयराझ आला, आणि लोक थांबायला लागले. माझ्या गुडघ्यापाशी वाकतात, मला त्यांचा श्वास ऐकू येतो. जावित उस्ताचे व्याही किती नाठाळ आहेत ते मला माहीत झालं. नेबाहत हानमला झोप येत नाही, तेही. सांगतात कुत्र्याला, पण ऐकते मी ना. मी तेवढ्यावर खूश होते, पेरिहान हानम. कलेजीच्या एका तुकड्याचं मला काय वाटणार?"

"त्या एका तुकड्यापायी तू ट्रामखाली जात होतीस," मी म्हटलं, पण आवाजातला जोर गेला होता. मला तिचा राग आला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे मला तिचं पटलं होतं. कुत्रा परत नेला तर काय होणार ते आम्हा दोघींना स्पष्ट दिसत होतं. बाबांच्याने आता जिना उतरवत नाही. म्हणजे बोट बंद, नोकरी बंद, आणि निगार घरात.

शेवटी मी म्हटलं, "आठवडाभर तो माझ्याकडे राहील, तू रजा घे. सोमवारी घेऊन येते. घरापासून धक्क्यापर्यंत तुम्ही दोघं चालायचं, मी मागे. त्याने एकदा जरी ताटाकडे नाक वळवलं, तर तो कायमचा परत. गल्लीचं काय करायचं ते मी बघते."

"त्यांना रागावू नका हं."

"मी कधी रागावते का कोणाला?"

ती हसली. ट्रामनंतरचं तिचं पहिलं हसू.

मी तिला गाडीने घरी सोडलं, पोयराझला गाडीतच ठेवलं, सरळ गल्लीत गेले आणि रागावले. जावित उस्ता सळई हातात धरून शांतपणे ऐकत होता. माझा दम संपल्यावर म्हणाला, "हानम, तुमचं सगळं खरं. पण तो बघतो हो. ज्याने बघितलं, त्याचा वाटा निघालाच पाहिजे. आमच्या वडिलांनी दुकानापुढून जाणाऱ्या गरोदर बाईला कधी काही न देता जाऊ दिलं नाही. डोळ्यांचाही हक्क असतो. उद्या वर गेल्यावर मला विचारतील, जावित, तो तुझ्या सळईकडे बघत होता, तू काय केलंस?"

"सांगा, पेरिहानने नको म्हटलं."

"तुमची वट आहे का तिथे?"

माडीवरचे म्हातारे हसले. नेबाहत हानम दारातून म्हणाली, "आणि तो काही एकट्यापुरता बघत नाही. निगारसाठी पण तोच बघतो. दोघांचं बघणं, म्हणजे वाटाही दोघांचा."

"म्हणूनच दोघांएवढा झालाय," मी म्हटलं.

पुन्हा सगळे हसले. मग मी त्यांना ट्रामचं सांगितलं. कुठे, कशी, किती जवळून गेली, सगळं. हसणं थांबलं. जावित उस्ताने सळई खाली ठेवली.

"पोरीला लागलं का?"

"नाही लागलं. पण कुत्रा मी नेलाय. सोमवारी शेवटची संधी. त्या दिवशी तुमच्यापैकी कोणी त्याला नुसतं चुचकारलं तरी तो गेला. मग निगार बसेल घरात खिडकीपाशी. ज्या पोरीचं तुम्हाला एवढं वाटतं, तिला तुम्ही कलेजीच्या तुकड्याने कोंडून घालताय."

नेबाहत हानमने ॲप्रन तोंडाला लावला. जावित उस्ता मात्र खरोखरच्या अडचणीत पडला होता. "पण तो आला आणि बघायला लागला, तर आम्ही करायचं काय? बघणाऱ्याला नाही म्हणायचं कसं?"

माझं डोकं उठलं होतं. "मग दिसूच नका त्याला. तो आला की आत जा, दडून बसा. मेलात असं समजा," मी म्हटलं आणि निघून आले. मी अशीच बोलते. केंद्रात माझं असलं बोलणं कोणी मनावर घेत नाही.

तो आठवडा पोयराझने मोजून खाल्लं आणि भरपूर चालला. मी अंगणात जागोजाग भाजलेली कलेजी मांडून ठेवायची आणि त्याला हार्नेस घालून त्यांतून फिरवायची. पहिल्या दिवशी त्याची लाळ पायावर गळत होती. हळूहळू त्याला आठवलं की आपण कोण आहोत. रोज सकाळी बोटीच्या वेळेला मात्र तो फाटकापाशी जाऊन बसायचा. निगारचा रोज फोन यायचा. "जेवला का?" "जेवला." "पोटभर?" "नाही." मग पलीकडे तिचे बाबा मागून काहीतरी विचारायचे आणि ती त्यांना म्हणायची, आहे, बरा आहे, देवाची कृपा.

सोमवारी ऊन छान पडलं होतं. निगारने दांडी हातात घेतली तेव्हा पोयराझची शेपटी जोरात दाराच्या चौकटीवर आपटत होती. हार्नेस चढल्याबरोबर शेपटी थांबली. मी थोडं अंतर ठेवून मागे निघाले. त्याला माझा वास आला असणारच, पण परीक्षा माझी नव्हती, ताटांची होती.

गल्लीत शिरलो आणि मला वाटलं, कोणीतरी गेलंय. शटर अर्धी ओढलेली. नेबाहत हानमच्या तबकावर टेबलक्लॉथ टाकलेला. जावित उस्ताच्या शेगडीत निखारे लाल, सळया जागच्या जागी, पण उस्ता नाही. चहाच्या दुकानाबाहेर खुर्च्या रिकाम्या आणि पेल्यांतून वाफ येत होती. मग मला एकेक दिसायला लागलं. शटरखाली जावित उस्ताचे बूट. दाराच्या फटीत नेबाहत हानम, डोळे घट्ट मिटून, जणू तिने न बघितल्याने पोयराझलाही ती दिसणार नव्हती. माडीच्या खिडकीत म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर ओणवलेले, आणि एकाने दुसऱ्याचं तोंड हाताने दाबलेलं. मी चिडून जे बोलले होते, ते त्यांनी शब्दन् शब्द केलं होतं.

पोयराझ बोयोझच्या तबकाजवळून गेला. एक कान हलला, बाकी काही नाही. कलेजीच्या शेगडीपाशी माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. त्याच्या नाकपुड्या थरथरल्या, पण नाक समोर, पाऊल समोर. तो गेला, सरळ गेला. माझा ऊर भरून आला.

निगारकडे मी जरा उशिराच पाहिलं. गल्लीच्या वरच्या टोकाला ती ताठ, भरभर चालत होती. मधे आल्यावर तिची चाल मंदावली. मान एकदा इकडे वळली, एकदा तिकडे. शेगडीपाशी तर ती स्वतःच थांबायला आली, आणि पोयराझने तिला हळूच पुढे नेलं. गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर तिने त्याला म्हटलं, "थांब."

"पेरिहान हानम, आज बाजार बंद आहे का?"

"नाही."

"मग माणसं कुठे गेली?"

"आहेत. आत आहेत."

तिने कान दिला. "दडलीत?"

"मीच सांगितलं होतं त्यांना. पोयराझसाठी."

"हं." तिने दांडीवरून अंगठा फिरवला. "आम्ही पास झालो का?"

"झालात. फार सुंदर चाललात दोघं."

"म्हणजे यापुढे रोज असं चालायचं." हा प्रश्न नव्हता. मग ती म्हणाली, "चालेल. बाबांबरोबर होतं तसंच. बोट तर मिळते ना, बास झालं."

ते "चालेल" माझ्या काळजाला लागलं. तिचा कुत्रा मी तिला परत दिला होता आणि तिची गल्ली रिकामी केली होती, आणि ती माझे आभार मानायच्या बेतात होती. मला माझाच इतका संताप आला की तो कोणावर तरी काढणं भागच होतं. मी गर्रकन मागे वळले.

"अरे मेलेल्यांनो, या बाहेर," मी ओरडले. "कुत्र्याशी बोलू नका म्हटलं होतं मी. या बाईशी बोलू नका असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

कोणी हललं नाही. मग एक शटर करकरत वर गेलं आणि जावित उस्ता बाहेर आला. येताना त्याने सवयीने सळईकडे हात नेला आणि तो मागे घेतला. रिकामे हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. त्याने ते ॲप्रनला पुसले, पुन्हा पुसले. त्याच्या मागून नेबाहत हानम आली. जिन्यावर म्हाताऱ्यांची पावलं वाजली.

तो निगारसमोर येऊन उभा राहिला. नजर खाली पोयराझकडे जायला लागली, मी खाकरले, नजर वर आली. तिला तो दिसत नव्हता, तरी तिच्या तोंडाकडे बघताना तो एखाद्या मुलीला मागणी घालायला आल्यासारखा लाल झाला. सबंध लग्नाची हकीकत कुत्र्याला सांगणाऱ्या माणसाला एक शब्द सुचत नव्हता.

"निगार," तो म्हणाला, आणि अडला. मग म्हणाला, "पोरी, कशी आहेस?"

निगारने त्याच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.  पोयराझ खाली बसला आणि समोर ट्रामच्या रस्त्याकडे बघत राहिला.

"जावित उस्ता," ती म्हणाली, "ते सांगायला जरा वेळ लागेल. तुमच्याकडे स्टूल आहे का?"

तो स्टूल आणायला धावला. नेबाहत हानमनेही एक आणलं, आणि खुर्च्या पुन्हा दुकानांबाहेर यायला लागल्या. धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला. निगारने तो ऐकला, आणि तरीही ती बसली.